१९ फुटी फायबर होडी, दोन सीझन वापरून: पुढून पाच स्टार, मागून दीड

होडी घेऊन दोन सीझन झाले, आणि मालवणात कोण ना कोण विचारतंच की कशी आहे रे, आम्ही पण घेऊ काय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो म्हणजे प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगायला नको. कारखान्याचं नाव लिहीत नाहीये, विचारूही नका. माणसं वाईट नाहीत, आणि जे झालं त्यात निम्मी चूक माझी होती हे पुढे येईलच.

होडी म्हणजे १९ फूट लांब, मधोमध ६ फूट रुंद, फायबरची, उघडी, पुढे सामान ठेवायला एक छोटा कप्पा, मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगायचं इंजिन, लावायची जागा, मधे सपाट डेक. बाकी काही नाही. मी गळ टाकायला जातो, घरची माणसं असतात, कधी पुण्यामुंबईचे पाहुणे. धंद्यासाठी नाही. किंमत सांगत नाही, बायको हे वाचते.

पुढची बाजू खरंच झकास आहे. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, उंच आहे, बाहेरच्या बाजूला अशी काही छान फाकलीय की समोरून लाट आली की पाणी दोन्ही बाजूंना उडतं, तोंडावर येत नाही. फायबरचं काम जाड, दोन वर्षांत एकही तडा नाही, रेतीवर ओढून ओढून तळाला ओरखडे पडलेत तेवढेच. काठावर दोन माणसं एका बाजूला बसली तरी होडी घाबरवत नाही. बघायला आलेला प्रत्येक जण नाळेवर हात फिरवतो, रंग बघतो, रेलिंग हलवून बघतो आणि वा वा म्हणतो. मीही तेच केलं होतं. मागे जाऊन टेप लावायची अक्कल नव्हती.

तर आता मागचं.

होडीची मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन टांगतात, तो ट्रान्सम. आणि आउटबोर्ड घेताना हॉर्सपॉवरच्या आधी बघायची गोष्ट म्हणजे शाफ्टची, पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या दांड्याची, लांबी, १५ इंच म्हणजे शॉर्ट, २० म्हणजे लाँग, २५ म्हणजे एक्स्ट्रा लाँग. ट्रान्समची उंची त्याच्याशी जुळवावी लागते, म्हणजे इंजिन जिथे टांगतो त्या कडेपासून सरळ खाली तळापर्यंत मोजायचं. ट्रान्सम जास्त उंच झाला की पंखा वर राहतो, हवा खातो, नुसता भणभणतो आणि होडी पुढे जात नाही. कमी झाला की इंजिन खोल बुडतं आणि मुख्य म्हणजे तेवढ्या जागेपुरती होडीची मागची भिंतच ठेंगणी होते.

माझी चूक अशी की होडीच्या आधी इंजिन घेऊन बसलो होतो. ओळखीत एक २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक स्वस्तात मिळत होतं, शॉर्ट शाफ्ट, म्हणलं सोडायचं कशाला. कारखान्याचा मोल्ड २० इंचांचा. त्यांना सांगितलं माझं इंजिन १५ चं आहे, ते म्हणाले काही प्रॉब्लेम नाही, कापून देतो. आणि खरंच कापून दिलं, मधोमध अडीच फूट रुंदीचा आणि ५ इंच खोल असा खाचा. सुबक काम, कडा गोल, वर ॲल्युमिनियमची पट्टी. एका शब्दाने बोलले नाहीत की बाबा रे हा खाचा म्हणजे समुद्राला उघडं ठेवलेलं दार आहे. खाडीत फिरणाऱ्याला चालतं हे, तिथे लाट नसतेच. पण मी बाहेर जाणार हे त्यांना माहीत होतं, भर समुद्रातल्या निवती रॉकचा विषय तिथेच बसून चहा पिताना झाला होता.

हिशोब करून बघा. इंजिन मागे लटकलेलं, मी मागे बसलेलो, पेट्रोलची टाकी मागे, बॅटरी मागे. होडी उभी असताना मागच्या बाजूला तळ ८-९ इंच पाण्यात. १५ मधून ९ गेले, उरले ६ इंच. एक वीत पण नाही.

आता कोणी म्हणेल की इंजिनच्या पुढे वेल असतो ना. असतो. ट्रान्समच्या आत एक हौदासारखा कप्पा करतात, खाचातून पाणी आत आलं तर ते आधी त्या हौदात पडावं आणि हौदाच्या भोकांतून परत बाहेर जावं, माणसं बसतात तिथपर्यंत येऊ नये, अशी ती कल्पना. चांगली कल्पना आहे. पण त्यासाठी हौदाची पुढची भिंत उंच पाहिजे, निदान न कापलेल्या ट्रान्समएवढी. माझ्या होडीत ती खाचाएवढीच ठेवलेली, का तर म्हणे इंजिन वर उचलताना त्याचं डोकं पुढे येतं ते आपटायला नको. म्हणजे जी लाट खाच ओलांडते तीच हौदही ओलांडते. वर आणि त्या भिंतीत स्टिअरिंगची केबल, गिअरची केबल आणि पेट्रोलची नळी जायला मुठीएवढं भोक पाडलेलं, त्याला ना रबर ना सीलंट. हौदात पाणी आलं की थोडं बाहेर जायचं आणि बाकीचं त्या भोकातून गुपचूप डेकच्या खाली, तळात. ते तर मला कितीतरी महिने कळलंच नाही, वाटायचं होडी जराशी आळशी झालीय, इंजिनात काहीतरी कचरा असेल.

सेल्फ-ड्रेनिंग हा शब्द त्यांनी तीन वेळा वापरला होता. डेकवर पाणी आलं की आपोआप बाहेर, साहेब, पंपपण नको. ट्रान्सममधे डेकच्या लेव्हलला दोन भोकं, दीड दीड इंचाची, त्याला स्कपर म्हणतात.

हे आपोआप वगैरे कधी खरं असतं? डेक बाहेरच्या पाण्याच्या वर असेल तेव्हाच. पाणी वरून खाली जातं, शाळेत शिकलोय सगळे. डेक बाहेरच्या पाण्यापेक्षा खाली गेला की त्याच भोकातून समुद्र आत येतो आणि आतबाहेर लेव्हल होईपर्यंत येत राहतो. रिकामी होडी पाण्यात ठेवून मी टेप लावला, स्कपरपाशी डेक पाण्याच्या वर अडीच इंच. या आकाराची होडी साधारण २०० किलोला एक इंच खाली बसते, म्हणजे वजन सगळीकडे सारखं पसरलं तर. चार जण धरा, ३०० किलो, दीड इंच गेला. पण माणसं सारखी पसरून बसतात होय? सगळी मागे येऊन गप्पा मारतात, कारण पुढे आपटतं. मग मागचा भाग दुप्पट खाली बसतो आणि तुमचे स्कपर पाण्याखाली. पहिल्याच रविवारी मेव्हण्याचे नवीन बूट भिजले, समुद्र एकदम ताटासारखा शांत होता, एक शिंतोडा नाही, आणि डेकवर घोट्याएवढं पाणी. मेव्हणा म्हणाला, दाजी, होडी फुटलीय. मी आपला छातीठोकपणे सांगतोय की अरे ही सेल्फ-ड्रेनिंग आहे.

आणि चालत्या होडीत हे सगळं उलटं असतं म्हणून माणूस फसतो. दोघंच असलो आणि इंजिन पूर्ण वेगात सोडलं की होडी पाण्यावर उचलली जाते, ट्रान्समच्या मागचं पाणी सुटं होतं, स्कपर हवेत येतात आणि डेक दोन मिनिटात कोरडा. कारखान्यात ट्रायल देतात ती अशीच, दोन माणसं, रिकामी होडी, फुल स्पीड. सहा माणसं घेतली की २५ चं इंजिन ही होडी उचलूच शकत नाही, ती नुसती पाणी फाडत जाते, मागे बसलेली, आणि स्कपर काही बाहेर येत नाहीत.

आता ज्यामुळे हे सगळं मोजायला बसलो तो दिवस. दुसऱ्या सीझनचा फेब्रुवारी. आम्ही तिघं, मी, भाचा आणि आमच्या वाडीतले आबा, आबांचं वय सत्तरीच्या पुढे, तरुणपणी तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, होते, आता मजा म्हणून येतात. सकाळी शांत होतं, दुपारी नेहमीसारखा वायव्येचा वारा चढला. परत येताना देवबागला कर्लीच्या मुखातून आत घुसायचं होतं आणि नेमकी ओहोटी लागलेली. तिथलं ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. नदीचं पाणी जोरात बाहेर निघालेलं, बाहेरून लाट आत येतेय, तळाला रेती साचून उथळ झालेलं, अशात लाट आखूड होते आणि उभी राहते. आणि आत शिरताना ती लाट तुमच्या पाठीमागून येते. समोरून येणारी लाट दिसते, माणूस तयारीत असतो, माझी नाळ तर तिला खाऊनच टाकते. पाठीमागच्या लाटेकडे माझी पाठ आणि होडीचाही सगळ्यात ठेंगणा भाग.

एक मोठी मागून आली, भाचा ओरडला, आणि मी घाबरून काय केलं तर इंजिन कमी केलं. याच्यापेक्षा वाईट काही करता येत नाही. होडी एकदम थांबल्यासारखी झाली, तिच्याच मागचा फेस तिला येऊन भिडला आणि त्याच्यावर ती लाट. खाचातून आली ती सरळ, थबकली पण नाही. हौद भरला असं म्हणायलासुद्धा वेळ मिळाला नाही, माझ्या कमरेला लागून पुढे गेली आणि डेकवर चार इंच पाणी. ते पाणी आधी पुढे धावलं, मग होडीने नाळ वर केल्यावर सगळं परत मागे आलं आणि मागचा भाग अजून खाली. खाच आता पाण्यापासून किती वर असेल, तीन बोटं? म्हणजे पुढच्या लाटेला मोठं असायची पण गरज नव्हती. मी होडी वळवायला हात घातला तोच आबा ओरडले, "वळवू नको झिला! सरळ धर, इंजिन दी, इंजिन दी!" मी म्हणलं, "आबानू, पाणी भरलाहा!" तर म्हणाले, "म्हणानच सांगतंय!"

दिलं इंजिन. भाच्याला आबांनी दंड धरून पुढे ढकलला, स्वतःही रांगत पुढे गेले, दोन माणसांचं वजन पुढे गेल्यावर मागचा भाग इंचभर तरी वर आला असेल. होडी जड, हलायलाच तयार नाही, मग हळूहळू लाटेच्या पाठीवर बसली आणि तिच्याबरोबर आत गेली. आत शांत पाण्यात आल्यावर पाच लिटरच्या ऑइलच्या कॅनचा कापलेला डबा घेऊन उपसत बसलो. स्कपर? पाण्याखाली. पंप? तळात, डेकच्या खाली, निवांत.

त्या रात्री झोप लागली नाही म्हणून गणित केलं. डेकवरची जागा ३ मीटर गुणिले १.४ मीटर, त्यात १० सेंटीमीटर पाणी म्हणजे ४२० लिटर. समुद्राचं पाणी आहे, ४३० किलो धरा. म्हणजे एका लाटेने सहा माणसं होडीत चढवली, आणि ती पण जागेवर न बसणारी, होडी जिकडे कलेल तिकडे धावणारी. बादलीत स्थिर असलेलं पाणी आणि होडीत फिरणारं पाणी यात जमीनअस्मानाचा फरक आहे, दुसरं होडीला उलटवायला मदत करतं.

मग दुसऱ्या दिवशी होडी रेतीवर घेऊन, पाण्याचा पंप लावून डेक तेवढाच भरला आणि घड्याळ लावलं. दोन दीड इंची भोकांतून रिकामं व्हायला साडेनऊ मिनिटं. तेही जमिनीवर, बाहेर पाणी नसताना, सगळ्यात सोयीच्या परिस्थितीत. कर्लीच्या मुखात लाटा काही साडेनऊ मिनिटांनी येत नाहीत, दहा सेकंदांनी येतात. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, माझ्याही आली नव्हती: भोकाचा व्यास दुप्पट केला तर पाणी दुप्पट नाही, चौपट जातं, कारण क्षेत्रफळ चौपट होतं. म्हणजे अजून चार बारकी भोकं पाडण्यापेक्षा आहेत तीच मोठी करणं बरं. आणि बारक्या भोकात कचरा अडकतो तो वेगळाच, खवले, गळाची तार, कोळंबीची टरफलं, एकदा तर वेफर्सचं पाकीट.

पंपाबद्दल पण सांगतो. होडीबरोबर १२ व्होल्टचा ५०० जीपीएचचा पंप आला होता. ऐकायला लय भारी वाटतं. तासाला ५०० गॅलन म्हणजे १९०० लिटरच्या आसपास, म्हणजे मिनिटाला ३१-३२ लिटर, आणि तेही कागदावर. नळी वर चढवली, दोन वळणं दिली, बॅटरी थोडी उतरली की त्यातलं किती उरतं ते बघा. ४२० लिटरला कागदावरच तेरा मिनिटं. पंप हा तळात झिरपलेलं पाणी काढायला असतो, लाट काढायला नाही. ११०० चा बसवलाय आता, ऑटोमॅटिक स्विचसकट, तरीही मत तेच.

मग दुरुस्ती. कारखान्याला फोन केला, पहिल्यांदा म्हणाले असं कधी कोणाचं ऐकलं नाही, मग फोटो पाठवले, मग त्यांचा एक माणूस आला, चांगला कारागीर होता, त्याने खाचावरची ॲल्युमिनियमची पट्टी काढली आणि दोघंही गप्प झालो. ट्रान्समच्या फायबरच्या आतलं प्लायवूड काळं पडलेलं, बोट लावलं तर ओलं, वास भिजलेल्या गोणपाटासारखा. कापल्यावर उघडी पडलेली कड त्यांनी फायबरने बंदच केली नव्हती, वरून फक्त पट्टी आणि स्क्रू. स्क्रूच्या भोकांतून दोन वर्षं खारं पाणी आत मुरत होतं. प्लायवर आयएस ७१० चा शिक्का असायला पाहिजे, मरीन प्लायचं ते भारतीय मानक, तो काय आम्हाला सापडला नाही. इंजिनचं सगळं वजन आणि सगळा धक्का या भिंतीवर असतो. नंतर आठवलं की इंजिनचा खालचा भाग धरून वरखाली हलवला की ट्रान्सम जरासा श्वास घेतल्यासारखा हलायचा, मी समजायचो रबरचं माउंटिंग आहे. तुमच्याकडे असेल होडी तर हे उद्याच करून बघा, आणि हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा, चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द.

कारखान्याने रेझिन आणि मॅट फुकट दिलं, मजुरी माझी. हे मी त्यांच्या बाजूने लिहितोय, कारण दोन वर्षांनी एवढंही कोणी देत नाही.

कुजलेलं सगळं काढून नवीन मरीन प्लाय, चारी बाजूंनी रेझिन पाजून, खाच बुजवून ट्रान्सम परत २० इंच केला. शॉर्ट शाफ्टचं इंजिन विकलं, तोट्यात, लाँग शाफ्टचं २५ चंच घेतलं. फोर-स्ट्रोक घ्यायचं खूप मनात होतं, आवाज कमी, पेट्रोल कमी, पण तेवढ्याच ताकदीला ते टू-स्ट्रोकपेक्षा चांगलंच जड असतं आणि मागून मिळवलेले इंच मागेच परत द्यायचे म्हणजे मूर्खपणा. हौदाची पुढची भिंत ट्रान्समच्याही वर दोन इंच नेली, इंजिन उचलताना आपटतं का? हो, आपटतं, म्हणून मधे एक छोटा गोल भाग दिलाय, एवढंच करायचं होतं त्यांनाही. केबलच्या भोकाला रबरचं बूट आणि सीलंट. हौदाला स्वतःची दोन भोकं, दोन दोन इंचांची. डेकचे स्कपर ३ इंचांचे केले आणि बाहेरून रबरचे फ्लॅप लावले, पाणी आतून ढकलेल तर उघडतात, बाहेरून ढकलेल तर बंद होतात. परत रेतीवर तीच टेस्ट, अडीच मिनिटं.

फ्लॅप म्हणजे काही जादू नाही हां. लाट आपटली की थोडं पाणी येतंच, आणि होडी जड होऊन स्कपर पाण्याखाली गेले की फ्लॅपच्या कडेने झिरपत राहतं. त्यात बॉल असलेले स्कपर पण मिळतात, आत एक चेंडू तरंगतो आणि भोक बंद करतो, ते जास्त चांगले म्हणतात पण त्यात खवला अडकला की झालं. डेक उचलणं हाच खरा उपाय होता, पण तो मोल्डमधेच ठरलेला. म्हणून मी बॅटरी आणि पेट्रोलची टाकी मधे आणली, तेवढ्याने मागे पाऊण इंच मिळाला, फुकटात. हे सगळ्यात आधी करा.

तळातलं बूच. ट्रान्समच्या अगदी खाली एक इंची भोक असतं, होडी बाहेर काढल्यावर तळातलं पाणी सोडायला. चालत्या होडीत पण काढता येतं, जोरात जात असताना पाणी मागे ओढलं जातं, पण थांबायच्या आधी लावायचं लक्षात पाहिजे. मी एकदा होडी पाण्यात ढकलतानाच लावायचं विसरलो होतो, पाहुणे चढले, फोटोबिटो झाले, आणि आबा काठावरून शांतपणे विचारतायत, "बूच खंय असा?" तेव्हापासून बूच इंजिनच्या किल्लीला दोरीने बांधलेलं असतं. पितळेचं आटे असलेलं होतं ते बदलून रबरचं फुगणारं घेतलंय, खटका दाबला की फुगून घट्ट बसतं, आटे खराब व्हायची भानगड नाही.

आबांचं या सगळ्यावर म्हणणं असं की होडीला मागे भिंत असावीच कशाला. त्यांच्या काळची उलांडीची, म्हणजे बाजूला तरंगतं लाकूड जोडलेली, होडी दोन्ही टोकांना निमुळती, मागून लाट आली तरी ती दुभंगून जाते, धडकायला सपाट जागाच नाही. बरोबर आहे त्यांचं. पण त्या होडीला मागे इंजिन टांगायला पण जागा नाही, कुशीला लाकूड बांधून लावतात. सपाट ट्रान्सम आला तो इंजिनबरोबर, आणि इंजिनच्या वजनाला तरंगवायला मागे जी रुंदी लागते ती पण त्यानेच मिळते. आणि दुसऱ्या टोकाला माझा एक मित्र, शिडाच्या डिंगीवर रेस करणारा, त्याच्या बोटीला मागे भिंतच नाही, अख्खी उघडी, पाणी आलं तसं गेलं. तो म्हणतो आधीच्या बोटीत तळाला एल्वस्ट्रोम बेलर होता, बोट पळायला लागली की खालून पाणी शोषून बाहेर टाकणारा, पॉल एल्वस्ट्रोम म्हणजे तो डॅनिश खलाशी, १९४८ ते १९६० सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदकं. उघडी मागची बाजू त्याला चालते कारण त्याचा डेक पाण्याच्या बराच वर आहे आणि मागे इंजिन नाही. गणित तेच, डेक किती वर.

नांगराबद्दल एक सांगायचं राहिलं. निवतीच्या बाजूला मासे लागत असताना एका होडीने सोय म्हणून मागून नांगर टाकलेला मी स्वतः पाहिलाय, गळ एका बाजूला नीट सुटतात म्हणून. असं कधीही करू नका, तुमचा ट्रान्सम ३० इंचांचा असला तरी. दोरी मागचा भाग खाली ओढून धरते, होडीला लाटेबरोबर वर यायला सैल मिळत नाही आणि लाट सरळ आत. नांगर नाळेवरूनच.

तर रिव्ह्यू म्हणाल तर असा. हल, म्हणजे होडीची बॉडी, पाच स्टार. फिनिशिंग चार. ट्रान्सम, हौद, स्कपर आणि सेल्फ-ड्रेनिंग हा शब्द मिळून दीड, आणि तो अर्धा पण त्यांच्या कारागिरासाठी. खाडीत, बॅकवॉटरला, तारकर्लीच्या आतल्या बाजूला फिरवायला घेत असाल तर डोळे मिटून घ्या, या पैशात एवढी जाड बॉडी मिळत नाही. बाहेर जाणार असाल तर ऑर्डर देतानाच २० चा ट्रान्सम न कापलेला, जमलं तर २५ चा, हौदाची भिंत उंच, कड रेझिनने बंद केलेली माझ्यासमोर दाखवा, आणि स्कपर ३ इंची, हे कागदावर लिहून घ्या. डेक किती वर आहे ते रिकाम्या होडीवर नाही तर सहा पोती रेती मागे ठेवून मोजा, ते हसतील, हसू देत.

याच दुसऱ्या सीझनला, दुरुस्तीनंतर एप्रिलमधे परत कर्लीच्या मुखातून ओहोटीला आत आलो, मुद्दाम नाही, उशीर झाला होता. एक लाट मागून आलीच, ट्रान्समच्या वरून हौदात पडली, भिंतीला आपटली आणि भोकांतून परत गेली. माझी पँट कोरडी. आबांनी मागे वळून बघितलं, मग परत पुढे बघायला लागले, बोलले काहीच नाहीत.

आता पावसाळ्यातली मासेमारीची बंदी लागलीय, होडी अंगणात झापांखाली आहे, नाळ उंच करून ठेवलीय आणि बूच काढलंय म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. डाव्या फ्लॅपचं रबर उन्हाने कडक झालंय, ते नारळी पौर्णिमेच्या आधी बदलायचंय. कोणाला मालवणात चांगलं जाड निओप्रीन रबर कुठे मिळतं माहीत असेल तर सांगा, मी सध्या ट्रकच्या ट्यूबचं लावलंय आणि ते वर्षभरच टिकतं.